किल्ला जंक्शन ते सारसोळे

पहाटे पाच दहाला किल्ला जंक्शनचा सिग्नल
कुणासाठीच लाल नसतो, तरी आम्ही थांबतो.
मी नाडी पुन्हा बांधते.
कान्होबा मढवी सायकलवरून एक पाय टेकवून
माझ्या गुडघ्याची चौकशी करतात.
मग मी पळते, ते चालवतात
माझ्या वेगानं, म्हणजे जवळजवळ उभं राहून.

कोचनं दिलेल्या तक्त्यात चार रकाने आहेत,
ऋतूचा नाही.
ऋतू मला नाकानं कळतो:
मार्गशीर्षात खाडीचा गार चिखल,
माघात सोसायटीच्या कुंपणाआडचा मोहोर,
आणि वारा फिरला की तुर्भ्याकडचं काहीतरी, रबर जळाल्यासारखं.
वैशाखात रोहित पक्षी उठून जातात,
पाणी एकदम साधं दिसू लागतं.
भाद्रपदातल्या शेवाळाला मात्र वास नसतो;
त्याच्यावरच मी मनगट मोडून घेतलं.

दुसऱ्या किलोमीटरला घड्याळ वाजतं
आणि मढवी म्हणतात, "इथं आमचं मिठागर व्हतं."
रोज म्हणतात. तक्रार नाही,
पुढचा स्टॉप सांगावा तसं.
चौथ्याच्या अलीकडे, "इथं उघाडी."
सायकल कुठं शिकलात, मी एकदा विचारलं.
"बांधावर. एकीकं पडलो तर खारं पानी,
दुसरीकं पडलो तर भात, वर बापाचा मार."

आश्विनात ते आले नाहीत.
छातीत जाळी बसवली, सुनेनं फोनवर सांगितलं.
मी एकटी निघाले, उकाडा पाठीला चिकटलेला,
आणि नेमकं त्या दिवशी घड्याळ बंद पडलं.
तरी कळत होतं:
हे मिठागर आलं.
हा बांध वळला.
दिव्याचे खांब मोजायची गरजच पडली नाही.
सहा पदरी डांबराखाली कुणाचं तरी गाव
अजून मैलाच्या दगडांचं काम करत होतं.

आता डॉक्टरांनी सायकल बंद केलीय.
ते सारसोळेच्या जेट्टीवर बसून असतात,
मांडीवर माझी पाण्याची बाटली, डोक्याला मफलर.
"मिठागराला किती?"
चौदा मिनिटं.
"आन् उघाडीला?"
तिथं दम लागला, थोडं चालले.
ते मान डोलावतात, बाटलीचं झाकण उघडून देतात.
"लागायचाच. तिथं भरतीला कायम उलटं पानी."