अडीच विसा

आमच्या लेमविगमध्ये पन्नासला म्हणतात अडीच विसा.
सत्तर म्हणजे साडेतीन, नव्वद साडेचार.
या विसा कसल्या, कुणी विचारत नाही.
बेकरीच्या काउंटरवर दोन्ही बाजूंनी
तो गुणाकार कधीच विसरला गेला आहे.
शिवाय सत्त्याण्णव म्हणताना
तोंडातून आधी सात निघतो
आणि हात आधी नऊ लिहितो.
त्या एवढ्याशा फटीत, फोन कानाला लावून,
मी दोनदा पडले आहे.
(दोनदा : अक्षरी. दहाच्या आतलं सगळं अक्षरी.)

मी विंचची पुस्तकं लिहिते,
जाळं ओढणाऱ्या चक्राची : ते कसं बसवावं, कसं आवळावं,
कुठे हात घालू नये.
माझी पुस्तकं उशाला घेऊन कुणी झोपत नाही.
ती वाचतात ग्रीस लागलेली बोटं,
उत्तर समुद्रात, टॉर्च दातांत धरून.

फेब्रुवारीत फ्रेझरबरोहून पत्र आलं.
कागदाला डिझेलचा वास.
'बोडिल क्रोग्सगोर्ड यांस. पान ३१ पाहा.
१.२५० न्यूटन-मीटर.
पोराने सव्वा वाचलं. बोटांनीच आवळलं.
बोटीवर त्याचा दुसरा आठवडा.
चक्र सरकलं. जाळं गेलं, त्याचं सोडा.
स्ट्रुअनच्या अंगठ्याचं टोक गेलं.'

आमच्याकडे ठिपका हजारांना श्वास घेऊ देतो,
त्यांच्याकडे तो अपूर्णांकाचं दार उघडतो.
साडेबाराशे आणि सव्वा.
मध्ये एवढंसं काळं,
माशी बसून उडाली असती तरी तेवढंच उरलं असतं.

एस्किल्ड म्हणाला, आपण बरोबर होतो.
तेही बरोबर होते, मी म्हटलं.
मग त्याने टेबलावरची स्केल उचलली
आणि उगाचच पुन्हा सरळ ठेवली.

त्या रात्री पुस्तक पहिल्यापासून काढलं.
पान ७ : १२५०.
पान ३१ : ते तर पाठच झालं होतं.
पान ५२ : 'साडेबाराशेच्या आसपास'.
आसपास!
हे अक्षर माझंच. कधीचं, आठवत नाही,
बहुधा शुक्रवारचं.

तेव्हापासून आमच्या पुस्तकात हजारांमध्ये ठिपका नाही,
स्वल्पविरामही नाही, नुसती अरुंद रिकामी जागा :
१ २५०.
वाक्य आकड्याने सुरू करायचं नाही.
एकक सोबत असेल तर आकडा अंकीच, दहाच्या आत असला तरी.
आणि आकडा नि एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा घालायची,
म्हणजे ओळ संपली
तर दोघं हात धरून खालच्या ओळीवर उतरतात,
एकट्याला मागे ठेवून दुसरा जात नाही.
माझ्या लग्नात अशी तरतूद नव्हती.

नव्या मुली कुरकुरतात.
'चार बोल्ट' पण '४ मिलिमीटर', हे कसं?
मी सांगते, बोल्ट मोजायचे असतात, मिलिमीटर मापायचे.
हे उत्तर मलाही पुरतं पटत नाही.
पण नियम पटावा म्हणून नसतो,
पान ७ वर जो होता
तोच पान ५२ वर भेटावा म्हणून असतो.

स्ट्रुअनला मी पत्र लिहिलं.
माफीची वाक्यं खोडत खोडत
शेवटी एकच प्रश्न उरला : किती गेलं?
एप्रिलच्या शेवटी पोस्टकार्ड आलं, मागे दीपगृह.
डाव्या हाताचं वाटावं असं वाकडं अक्षर :
'९ मिलिमीटर. आता टोचत नाही.'
एका ओळीत. मधली जागा शाबूत.

ते कार्ड कुठल्या फाइलला लावायचं ते कळेना.
पर्समध्ये टाकलं, जेवणाच्या सुट्टीत बेकरीत गेले.
राईचा पाव नि दोन बन.
बाई म्हणाली, साडेतीन विसा.
मागे रांग होती,
तरी मी तिथेच उभी राहून मोजल्या :
एक वीस, दोन, तीन,
आणि ती अर्धी.