बाभळीचा गुटका

भटू चालवतो, नाना रस्ता बघतो,
मी मागून चालते.
हातात बाभळीचा गुटका, कडा चेपलेल्या.
चढाला ट्रॅक्टर दमला
की ट्रॉलीच्या चाकामागे सरकवायचा
आणि बाजूला उडी मारायची.

ट्रॉलीत आमचा पाळणा आडवा.
सोळा बैठका, मधला आस, पाइपांचे भारे,
नटबोल्टांची तीन पोती, वर चूल,
चुलीच्या पायाला बांधलेली कोंबडी.
ओढायला पस्तीस हॉर्सपॉवर,
त्यातले किती उरलेत कुणी मोजलं नव्हतं.

दोंडाईच्याबाहेर नाल्याच्या चढाला
तो तीनदा बसला.
धूर काळा, आवाज मोठा, चाल नाही.
भटू म्हणाला, पंप वाढवून घेऊ.
नाना म्हणाला, विकून टाकू.
नाना प्रत्येक चढाला विकून टाकू म्हणतो,
उताराला विसरतो.

झिपरू मिस्तरी लुनावर आला.
बॉनेटवर हात ठेवून गप्प उभा राहिला,
घोडेबाजारात गिऱ्हाईक राहतं तसा.
"इंजिन थकेल नही शे,
त्यानं नाक चोंदायेल शे."
एअर क्लीनरची वाटी सोडली
तर तेलाच्या जागी लाल गाळ.
दिवाळीपासून नंदुरबारला
मिरचीच्या पथारीला लागून आमचा मुक्काम.
आमच्याच वाट्याची हवा तोही घेत होता,
फक्त आम्हाला खोकता येत होतं.

मिस्तरी शिंकला. भटू शिंकला.
नाना शिंकता शिंकता हसायला लागला.
बाजूने जाणाऱ्या एसटीतून
कंडक्टरने डोकं बाहेर काढलं, तोही शिंकला.

वाटी डिझेलने धुतली, नवं तेल ओतलं,
पंपाचा स्क्रू पाव फेरा. भटू म्हणाला, अजून.
"जास्ती दिधं तं तोंड वर उठी."
भटूने ऐकलं नाही, पान्हा हातातून घेतला.
आणि तोंड उठलंच.
पुढची चाकं वीतभर हवेत,
स्टेअरिंग नुसतंच फिरतंय,
नानाचा हात देवाच्या फोटोवर.

मग मागच्या चार बैठका उतरवून
पुढे बंपरला दोराने आवळल्या.
ओझ्यातलंच थोडं ओझं
ओढणाऱ्याच्या छातीवर.
चाकं खाली टेकली. धूरही पातळ झाला.

तरी अर्ध्यात पुन्हा तेच.
मी गुटका सरकवला
आणि मनगट ट्रॉलीच्या डाव्या ड्रमला लागलं.
अजून डाग आहे, दाखवीन.

रनाळ्यापासून जळका वास येत होता.
मला वाटलं मिरचीचाच.

सांगितलं तर भटू म्हणाला, उन्हाने तापतं.
मिस्तरीने काही न बोलता ड्रमवर पाणी शिंपडलं.
चर्र.
आत ब्रेकचा पट्टा चिकटून बसलेला.
इतकी वाट तीन चाकं चालली होती,
चौथं मुकाट फरफटत होतं,
आणि शिव्या सगळ्या इंजिनाने खाल्ल्या.

"पोर मांगे चालस,
तिले इचारं का कोनी?"
मिस्तरीने हात पुसले, दोनशे घेतले,
स्क्रू होता तिथे परत आणून ठेवला.

मग तो चढला.
न ओरडता, दुसऱ्या गिअरवर,
सवयीचं घर यावं तसा.
मी मागे धावत होते, हातात गुटका,
सरकवायला जागाच मिळेना.

सारंगखेड्याला पाळणा उभा राहिला.
ट्रॅक्टर खालीच, पट्टा लावून,
दिवसभर ओढलं तेच आता वर फिरवायला.
चाचणीला वाळूची पोती कमी पडली.
नाना म्हणाला, तू बस.

वरून तापी दिसली, घोड्यांच्या रांगा,
आणि लांब, आम्ही आलो तो रस्ता, 
इथून अगदी सपाट.
खालून इंजिन एकसारखं बोलत होतं.
बैठक टोकाला जाऊन थांबली, जराशी मागे झुकली.
माझ्या मांडीवर गुटका होता.
खाली ठेवायचा राहूनच गेला होता.