अस्सल बरहुकूम

निवडणूक लागली की
खडकी पोलीस ठाण्यातून फोन येतो:
कुदळे, जमा करा.
मी दोन्ही गवसण्या रिक्षात आडव्या घालतो.
रिक्षावाला विचारतो, सतार का काका?
मी हो म्हणतो.

ठाण्यात हवालदार शिंगोटेबाई.
रजिस्टर, कार्बन, टाचणी.
दुनळी, बारा बोअर, नग दोन.
मग पेन थांबवून,
नाव तर झोकात कोरलंय. असली आहे का हो ही?

काय सांगू.
ज्याचं नाव कोरलंय तो कारखाना
माझे वडील शाळेत जायच्या आधी बंद पडला.
बॉयलर भंगारात गेला,
साचे कुणी वितळवले त्याची नोंद नाही,
बारा वर्षं पत्रं लिहून शोधली मी.
मग पन्नास वर्षांनी
दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच माणसांनी
एक जुनी बंदूक विकत घेतली,
स्क्रू न् स्क्रू सोडवून टेबलावर मांडला
आणि अशी घडवली
की नवीचा घोडा जुनीत बसावा,
जुनीची कमान नवीत.
सहा-सात वर्षं चालला तो खटाटोप.
मग तेही शटर खाली.
आता नकलेचेही साचे कुणाकडे नाहीत.

एकतीस वर्षं मी फॅक्टरीत गेजरूमला होतो.
मास्टर गेज मखमलीत, कुलपात.
त्याला हात लावायचा नाही.
काम करायचं ते त्याच्या नकलेनं,
झिजायचं तिनं.
हे बाईंना सांगितलं नाही,
त्यांना पुढं बंदोबस्त होता.

एक डॉक्टर खंबाटांची,
विलायतेहून परतताना घरसामानात आलेली.
दुसरी मुर्तुझाभाईंनी कॅम्पातल्या दुकानात
नऊ महिने माझ्यासाठी मागे ठेवली.
तिसरीही होती.
कायदा बदलला, दोनच ठेवा म्हणाले.
तिचा नंबर वहीत आहे, वजन आहे,
दस्त्याच्या अक्रोडातली वळणारी रेघ
पेन्सिलीनं काढलेली आहे.
बंदूक कोपरगावला, एका ऊसवाल्याकडे,
तो तिला बहुतेक खोबरेल लावतो.

मालन म्हणते, जन्मात चिमणी मारली नाहीत,
कशाला हवंय हे?
मी तिला मिटतानाचा आवाज ऐकवतो.
चांगल्या डब्याचं झाकण बसावं तसा.
ती म्हणते, माझा डबाही तसाच बसतो.
खरं आहे.
तो तांबट आळीतला आहे, हातानं ठोकलेला.
त्यावर वाद नाही घालत मी.

लोकांना वाटतं, दोन नळ्या समांतर असतात.
नसतात.
हातभर पुढं जाता जाता
केसभर एकमेकींकडे झुकतात,
चाळीस पावलांवर दोन्हींचे छर्रे
एकाच जागी पडावेत म्हणून.
जुन्या कारागिरानं हे साधलं
तारेनं, पाचरीनं, आणि बार काढून पाहत.
नक्कल करणाऱ्यांकडे मशिनं होती,
पण तिथं येऊन तीही थांबली.
त्यांनाही शेवटी
कुणीतरी डोळा मिटून, दुसऱ्यानं पाहणारा
माणूसच बसवावा लागला.
त्याचं नाव कुठंच कोरलेलं नाही.
हे वाचलं त्या रात्री
मी उठून कपाट उघडलं होतं.

शिंगोटेबाई म्हणाल्या, काका, रकाना आहे,
एक काहीतरी सांगा.
मी म्हटलं, जुन्या दफ्तरात लिहायचे तसं लिहा:
अस्सल बरहुकूम नक्कल.
त्या हसल्या.
"चालू स्थितीत" असं लिहिलं,
सही घेतली,
आणि वरचा कागद रजिस्टरला ठेवून
खालचा फाडून दिला मला.

बाजारातून चालत आलो.
घरी पोचेपर्यंत
अंगठ्याला निळं लागलं होतं.