पिवळी खूण

सलमाबादच्या गल्लीत, दुपारी तीनला,
पाने-पक्कडसुद्धा चिंधीत धरून उचलावी लागते त्या वेळी
नजात मॅडम आल्या. निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल.
दोन सीटची लाल गाडी, दुसऱ्या हाताची,
आणि मुठीत दाताची चांदी.
"सितऱ्याच्या पुलावर निघाली," म्हणाल्या,
"तिसऱ्या सांध्यावर."

तीन गॅरेजांनी त्यांना सांगितलं होतं,
स्पोर्ट्स कार आहे, आपटणारच.
एकाने वय विचारलं.
"कडक आणि वर वेडीवाकडी, हे कसं, उस्ताद?
कडक बाई निदान सरळ तरी चालते."

मी हसलो नाही. मुद्दा बरोबर होता.

चाचणीला मीच नेली.
खड्डा नव्हता तिथे खड्डा लागला.
वळणावर मागची बाजू आधी नाही नाही म्हणाली,
मग एकदम हो म्हणाली.
चिपळूण-गुहागर एसटीत घडलेली माझी कंबर,
तिनेही आई गं केलं.

हवा बघितली: बेचाळीस. उन्हात रबराचा दगड झालेला.
बत्तीसवर आणली. जरा बरं.
शॉकचा खटका कोणीतरी शेवटपर्यंत पिळून ठेवलेला,
चाक वर जायचं, आणि खाली यायच्या आत
पुढचा उंचवटा हजर.
सात खटके सैल केले. अजून बरं.
तरी आत कुठेतरी
काहीतरी धरून ठेवलेलं होतं.

टेकबहादूरने दिवा धरला.
मागच्या आर्मचा बुश. रबर असं पिळलेलं,
जसं धुणं पिळून दोरीवर घालायचं राहिलं आणि तसंच वाळलं.
गाडी लिफ्टवर लटकत असताना
कोणीतरी बोल्ट आवळला होता.
लटकत्या चाकाला मग तीच आपली जागा वाटते,
जमिनीवर आलं की
ते रात्रंदिवस स्वतःशीच भांडत राहतं.
कुठल्या गाढवाने हे,
म्हणत मी नट पुसला.

नटावर पिवळी रेघ.
अख्ख्या सलमाबादेत इतकी तिरकी रेघ
एकच माणूस ओढतो.

टेकबहादूर छताचा पंखा बघू लागला.

आठवलं. चार वर्षांपूर्वीचा गुरुवार,
मालक शटरला हात लावून उभा,
माझी बॅग बांधलेली, रात्रीचं विमान.
खाली उतरवून आवळायला
पाच मिनिटं लागली असती.

नवे बुश आले. गाडी फळ्यांवर उतरवली,
चारी चाकं टेकलेली.
ड्रायव्हरच्या जागी तांदळाची पोती ठेवायची होती.
मॅडमना वजन विचारायची हिंमत नव्हती,
त्यांनीच चिठ्ठीवर लिहून पाठवलं: एकसष्ट.
सगळं ओझं अंगावर आल्यावर,
चार वेळा दाबून, तिला हवी तिथे बसू देऊन,
मी पाठीखाली पुठ्ठा घेऊन आत सरकलो
आणि मग आवळलं.
रेघ ओढताना हात थांबला.
ओढली.

बिल दिलं. त्यांनी चष्मा लावला.
"मजुरी राहिली."
"राहिली नाही," मी म्हटलं, आणि सांगून टाकलं.
मराठीत राहून गेलं म्हणता येतं,
करणारा मागे लपतो.
इथल्या तुटक्या हिंदीत 'मैंने' म्हणावंच लागलं.

त्या कागदाकडे बघत राहिल्या,
समासात काय शेरा मारावा ते ठरवत असल्यासारख्या.
"मजुरी किती असते?"
"चाळीस दिनार."
"माझ्या चांदीचे बारा."
आणि अठ्ठावीस मोजून टेबलावर ठेवले.
एक नोट चुरगळलेली होती, ती सरळ केली.

पुलावर मी शेजारच्या सीटवर.
ओहोटीचं पाणी, दूर गाळात बगळे.
पहिला सांधा. दुसरा.
तिसऱ्याला नुसतं टप्,
उंबरठ्यावरून अनवाणी पाऊल उतरावं तेवढंच.
पुढच्या वळणावर त्या जिकडे बघत होत्या
तिकडे गाडी गेली.

"कशी आहे?" मी विचारलं.
जीभ दातातल्या खळग्यावरून फिरवत
त्यांनी गिअर बदलला.
"बोलू नका, उस्ताद," म्हणाल्या,
"ऐकतेय."