नखाएवढं

दिवाडीच्या खालच्या वाड्यावर, खाजनाच्या तोंडाशी
मानशीचं दार आहे. साध्या फळ्यांचं.
भरती आली की बाहेरचं पाणीच ते ढकलून लावतं,
ओहोटी लागली की आतलं पाणीच उघडतं.
कडी नाही, कुलूप नाही.
बाबा म्हणायचे, ह्याला नोकरी आहे, पगार नाही.

बाबांची नोकरीही त्याच दारापाशी.
आश्विनातल्या मोठ्या भरतीला ते कोयत्याच्या टोकानं
चिऱ्याच्या खांबावर एक रेघ ओढत.
पाणी कुठवर आलं ह्यावरून
मंडळाच्या कारकुनाशी एकदा भांडण झालेलं,
तेव्हापासून पुरावा.
पहिल्या रेघा एकमेकींना खेटून आहेत
एका बाकावरच्या मुलींसारख्या.
पुढच्या एकेक उठून वर गेल्या.

पणजीहून एक मुलगी आली होती, यंत्र घेऊन.
म्हणाली, वर्षाला तीन-चार मिलिमीटर, काका.
म्हणजे किती?
तिनं हात पुढे केला. लाल रंग लावलेलं नख,
मुळाशी कोरं उरलेलं.
"महिन्यात हे वाढतं ना, तेवढं. वर्षाला."
बाबा हसले. एवढंच? मग कापा की.
तीही हसली.
मग दोघंही पाण्याकडे बघत राहिली
बराच वेळ.

मी त्या रात्री हिशेब मांडला.
मुरगावला उतरणारा कोळसा.
मांडवीतल्या बार्जी, ज्यांच्या लाटा
बांधाची माती चाटून नेतात.
माझी स्कूटर.
आणि कांदोळीतलं आमचं हॉटेल, एकशे बारा खोल्या.
पाहुणा दार उघडेल तेव्हा खोली गार हवी,
म्हणून रिकाम्या खोल्यांतही एसी चालू.
चाव्या माझ्याकडे.

आणि गावातलं सांगू?
मानशीचा लिलाव झाला. ज्याची बोली चढली
त्याला कोळंबी हवी होती, भात नको होतं.
रात्री दारात बांबू अडकवून त्यानं ते उघडं ठेवलं.
पाणी नुसतं चढत नाही,
त्याला आत बोलावणारेही असतात.
त्या वर्षी पिएदादच्या शेतात कणसं उभी राहिली,
ताठ, सुंदर, पोकळ.
आमच्या विहिरीच्या पाण्यानं चहातलं दूध फाटायला लागलं.

गेल्या आश्विनात फळ्या नव्या होत्या.
बांबू नव्हता. मी स्वतः बघितलं होतं.
दार बंद होतं
आणि पाणी आत होतं.

वरून आलं.

बाबा कोयता घेऊन उभे राहिले.
रेघ ओढायला खांब उरला नव्हता.

पिएदादनं मडक्यातून कोरगुट काढलं,
खाऱ्यात तग धरणारं जुनं बियाणं,
दुकानातल्या तांदळापुढे जाडंभरडं दिसतं
म्हणून इतकी वर्षं कुणाला न दाखवलेलं.
रविवारी मिसा सुटल्यावर माणसं बांधावर आली.
सगळी नाही. सतरा.
चिखल, पेंढा, बांबू, पुन्हा चिखल.
बाहेरच्या अंगाला तिवराची रोपं लावली,
पेन्सिलीएवढी; त्यातली निम्मी खेकडे तोडतील,
असं पिएदादच म्हणाली, आणि लावत राहिली.
लिलाववाला उशिरा आला. कुणाशी बोलला नाही.
टोपली उचलली.
बाबांनी खांबावर एक नवा चिरा चढवला.
कोरा. त्याच्याकडे बघून
मला बरं वाटलं नाही, वाईटही नाही.

सोमवारी मी चाळीस रिकाम्या खोल्यांचे एसी बंद केले.
मॅनेजर ओरडला.
चाळीस खोल्या म्हणजे नखाचा कितवा भाग,
ते त्या पणजीच्या मुलीला विचारायला हवं.
मग एक पाहुणा आला. मी चावी पुढे केली.
त्याला माझ्या नखांतला चिखल दिसला,
काळा, खाजनाचा, दोनदा साबण लावूनही न गेलेला.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी हात मागे घेतला नाही.