नऊ-एकेचाळीस

छावणीतल्या गॅरेजात इसाक मिस्त्रीनं
पोत्यावर मांडल्या क्राउन-पिनियनच्या दोन जोड्या.
"ही नऊ-एकेचाळीस, मॉरिसची मूळची.
भेरूघाट चढेल, पण देवास रोडला
साठच्या पुढं रडेल.
ही दहा-एकोणचाळीस. सपाटीला गुणगुणेल,
घाटात मात्र दुसरा गिअर, नाहीतर अल्ला."
मग हात पुसत म्हणाला,
"ताई, जायचंय कुठं?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं.
गाडी दादाची.
मी मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याचा डबा,
रेडिएटर उकळला की पुढं द्यायला.
महेश्वरपर्यंत परकर ओला.

मी दात मोजत बसले.
बोटं काळी झाली.
एकेचाळिसाला नवानं भाग जात नाही,
म्हणून इकडचा प्रत्येक दात
तिकडच्या प्रत्येकाला गाठून येतो,
तेव्हा कुठं पुन्हा पहिल्याची पाळी.
झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते,
इसाक म्हणाला.

आमच्या घरात हा हिशेब कुणाला येत नव्हता.

"घाटाची बसवा."
"साठच्या पुढं आवाज करेल, ताई."
"करू दे.
आणि डबा ठेवायला
डिकीत एक कडी लावून द्या."