रकाना नववा

बारावीच्या समाजशास्त्राला यंदा
वीस गुण बाहेरचे.
मला आलं भांडुपचं जन्म-मृत्यू नोंदणी,
खिडकी तीन, दुपारी दोन ते पाच.

तांडेल मॅडमनी पहिल्या दिवशी
नुसत्या टाचण्या मोजायला लावल्या.

बुधवारी एक मुलगा आला, आईचा फॉर्म घेऊन.
व्यवसाय?
"काही नाही. घरीच असायची."
मी रेघ मारणार, तर म्हणाला,
म्हणजे, पहाटे चारला उठून
कॅन्टीनच्या दोनशे चपात्या लाटायची.
शेजारची तीन पोरं सांभाळायची.
आणि श्रावणात गौरीचे मुखवटे... डोळे फक्त तीच काढायची.

मी मॅडमकडे पाहिलं.
"रकाना एवढासाच आहे गं,"
म्हणत त्यांनी स्वतःचं
बारीक टोकाचं पेन पुढे केलं.

अहवालात विचारलंय, काय शिकलात?
लिहिलंय:
अक्षर लहान काढायला.